खाण तशी माती?

‘खाण तशी माती’ ही म्हण आमच्या बेळगाव भागात स्थळं बघताना हमखास निघते. मुलगी बघायला जायच्या आधी तिची आई कशी आहे ते विचारून घ्यायचं. आई शांत तर मुलगी शांत, आई तापट तर मुलगीही तशीच. पुढे लग्न होतं, सुनेला दिवस जातात, आणि हीच म्हण पुन्हा तिच्याकडे येते. आता ती स्वतःच खाण झालेली असते. ‘रडू नकोस, बाळाच्या मनावर परिणाम होतो.’ ‘चिडू नकोस, पोर चिडकं निपजेल.’ पूर्वी हे घरातल्या आज्जी-काकू सांगायच्या. आता त्यांच्या जोडीला मोबाइलवरचे व्हिडिओ आलेत आणि त्यांत एक नवा शब्द असतो, ‘एपिजेनेटिक्स’. आईच्या मनात जे चालतं ते बाळाच्या जनुकांवर कोरलं जातं, हे विज्ञानानं सिद्ध केलंय, असं त्यांत ठासून सांगितलेलं असतं.

गेल्या चातुर्मासात आमच्या महिला मंडळात दुपारच्या स्वाध्यायानंतर हाच विषय निघाला. आमच्याच गल्लीतली एक तरुण सून तिथं होती. तिचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी नीट बोलत नव्हता. ती गरोदर असताना तिचे वडील गेले होते आणि ती फार रडली होती. ‘तेव्हाच सांगत होतो,’ असं तिला घरात ऐकवलं जात होतं. सगळ्यांसमोर ती काही बोलली नाही. पण बाहेर चपला घालताना तिनं हळूच विचारलं, ‘काकू, खरंच माझ्या रडण्यानं झालं असंल काय ओ?’ मी ‘नाही’ म्हटलं. पण ‘विज्ञानानं सिद्ध केलंय’ या वाक्यापुढे माझ्या एका ‘नाही’चं वजन ते किती? म्हणून हे संशोधन कुणी केलं, कुठं केलं, त्यात काय सापडलं आणि त्याचा अर्थ कुठवर जातो, तो सगळा इतिहासच इथं सांगते.

सुरुवात ‘ताण’ या शब्दापासून करू. आपण उठता-बसता ‘टेन्शन आलंय’ म्हणतो. पण शरीराच्या बाबतीत ‘स्ट्रेस’ हा शब्द रूढ झाला तो गेल्या शतकात, हान्स सेल्ये या शास्त्रज्ञामुळे. सेल्ये यांचा जन्म १९०७ सालचा, व्हिएन्नातला. पुढे ते कॅनडातल्या माँट्रियल शहरात मॅकगिल विद्यापीठात आले. एखादं नवं हार्मोन सापडेल या आशेनं ते उंदरांना बीजांडकोशाचा अर्क टोचत होते. उंदरांच्या पोटात व्रण झाले, किडनीच्या माथ्यावर असणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी वाढल्या. त्यांना वाटलं, सापडलं हार्मोन! पण दुसरा कुठलाही अर्क टोचला तरी तेच घडलं. उंदीर थंडीत ठेवले, दमेपर्यंत पळवले, तरी तेच. म्हणजे त्रास कुठलाही असो, शरीराचं उत्तर एकाच धाटणीचं. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे छोट्याशा टिपणात मांडलं. ‘स्ट्रेस’ हा शब्द त्याआधी इंजिनीअर लोकांचा होता, पुलाच्या तुळईवर येणाऱ्या भारासाठी वापरायचा. आपला ‘ताण’सुद्धा मुळात दोरीचाच. ओल्या चादरी वाळत घातल्या की दोरीवर येतो तो ताण. दोरी तुटायच्या आधी चादरी कमी कराव्यात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बाईच्या बाबतीत मात्र आपण ‘दोरीच कच्ची’ म्हणून मोकळे होतो.

दुसरा शब्द ‘एपिजेनेटिक्स’. तो १९४२ साली इंग्लंडच्या कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी वापरात आणला. गंमत म्हणजे या माणसाची पहिली काही वर्षं आपल्या दक्षिणेत गेली; वडील वायनाडच्या चहाच्या मळ्यावर कामाला होते. वॉडिंग्टन यांना पडलेला प्रश्न वेगळाच होता. आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुकं असतात, मग एक पेशी यकृताची आणि दुसरी मेंदूची कशी होते? जनुकं आणि प्रत्यक्ष घडणारं शरीर यांच्यामध्ये काय चालतं, त्या अभ्यासाला त्यांनी हे नाव दिलं. मानसिक आजार, आईचा ताण, हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

मध्ये काय चालतं, त्याचं रसायन पुढे हळूहळू उलगडत गेलं. आपल्याला समजेल असं सांगायचं तर बस्तीतल्या शास्त्रभांडारातली जुनी पोथी डोळ्यांसमोर आणा. पोथीतली अक्षरं म्हणजे डीएनए. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरेल, म्हणून तो प्रथिनांच्या बारीक रिळांवर गुंडाळून ठेवलेला असतो. आता पोथीची काही पानं एकमेकांना चिकटली तर काय होईल? अक्षरं तीच, एक कानामात्रा बदललेला नाही. पण ते पान वाचता येत नाही. पेशीत हे चिकटवण्याचं एक साधन म्हणजे मिथाइल गट. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढाच तो इवलासा ठिपका. तो जनुकाच्या ठरावीक जागी बसला की सहसा ते जनुक वाचलं जात नाही. पेशी आपली ओळख अशा ठिपक्यांनी जपत असेल, ही कल्पना १९७५ मध्ये आर्थर रिग्ज यांनी आणि त्यांच्यापेक्षा स्वतंत्रपणे रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी मांडली. तरीही कितीतरी वर्षं समज असा होता की हे ठिपके गर्भात बसतात आणि मग जन्मभर तसेच राहतात.

या समजाला धक्का दिला तो पुन्हा माँट्रियलनं, आणि पुन्हा उंदरांनीच. पण त्याआधी १९५० च्या दशकात अमेरिकेत सेमूर लेव्हिन यांनी एक विचित्र गोष्ट पाहिली होती. उंदरांची पिल्लं रोज थोडा वेळ आईजवळून उचलून बाजूला ठेवली आणि परत नेऊन सोडली, तर ती मोठेपणी जास्त घाबरट व्हावीत असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. ती जास्त धीट निघाली. माणसाच्या हातात अशी काय जादू?

मॅकगिल विद्यापीठाच्या मायकेल मीनी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडं पुढे नेलं. त्यांचं लक्ष पिल्लांवरून आईकडे गेलं. उचललेलं पिल्लू परत आलं की आई त्याला अधिक चाटते, असं दिसत होतं. मग त्यांनी पिंजऱ्यासमोर बसून, कुणालाही न उचलता, नुसत्या आयांचं निरीक्षण केलं. काही माद्या पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. दोन्ही आया चांगल्याच, दोघी दूध पाजतात, दोघींची पिल्लं वाढतात. पण १९९७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी दाखवलं की जास्त चाटलेली पिल्लं मोठी झाल्यावर ताणाच्या प्रसंगातून लवकर सावरतात. त्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी चढतं.

हे कसं, तेही सांगते. संकट दिसलं की मेंदूतून हुकूम सुटतो आणि अॅड्रिनल ग्रंथी हार्मोन सोडतात. माणसात त्याचं नाव कॉर्टिसॉल. ते पुरेसं झालं की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला कळतं आणि तो हुकूम थांबवतो. दूध वर येताना बघून गॅस बारीक करणारा हात असावा, तसंच. हार्मोन ओळखणारे रिसेप्टर तिथं भरपूर असतील तर हात वेळेवर पोचतो; कमी असतील तर दूध उतू जातं. जास्त चाटलेल्या पिल्लांत हे रिसेप्टर जास्त होते.

मग १९९९ मध्ये आणखी एक प्रयोग आला. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जन्मल्याबरोबर जास्त चाटणाऱ्या आईजवळ दिली. ती मोठी होऊन धीट झाली. एवढंच नाही, त्यांतल्या माद्या पुढे स्वतः आई झाल्यावर आपल्या पिल्लांना भरपूर चाटू लागल्या. म्हणजे आजीकडून नातीपर्यंत काहीतरी गेलं, पण ते जन्मदातीच्या रक्तातून आलेलं नव्हतं. जिनं वाढवलं तिच्याकडून ते आलं. मला तर या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. दत्तक मुलाकडे बघून ‘कुणाचं रक्त, काय माहीत’ म्हणणाऱ्यांना तो ऐकवावासा वाटतो. उंदराची गोष्ट माणसाला जशीच्या तशी लावता येत नाही, हे खरं. पण मग ती फक्त आईला दोष द्यायच्या वेळीच का लावायची?

आता यात जनुकांवरचे ते ठिपके कुठून आले? मॅकगिलमध्येच मोशे शिफ नावाचे रसायनाचे जाणकार होते. कॅन्सरच्या अभ्यासासाठी ते मिथाइल गटांवर काम करत. मीनी आणि शिफ यांची गाठ माद्रिदमधल्या एका परिषदेच्या वेळी बारमध्ये बिअर पिताना पडली, असं सांगतात. आपल्या मंडळात ही जागा सांगायला जरा अवघडच. पण प्रश्न तिथं नेमका पडला : आईचं चाटणं पिल्लाच्या जनुकांवरचे ठिपके बदलत असेल का? इयन वीव्हर या तरुण संशोधकाबरोबर त्यांनी ते शोधलं आणि २००४ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये उत्तर छापून आलं. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी दोन्ही तऱ्हेच्या पिल्लांत त्या रिसेप्टरच्या जनुकावर ठिपके सारखेच होते. पहिला आठवडा सरेपर्यंत जास्त चाटलेल्या पिल्लांत एका मोक्याच्या जागचा ठिपका गळून पडला. कमी चाटलेल्यांत तो राहिला. मोठेपणीही हा फरक टिकला. पण त्याच लेखात दुसरी अर्धी गोष्ट होती, आणि व्हिडिओवाले ती कधीच सांगत नाहीत. मोठ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूत एक औषध सोडल्यावर तो ठिपका गेला आणि ताणाला त्यांच्या शरीराचं उत्तर जास्त चाटलेल्या पिल्लांसारखं झालं. म्हणजे खूण पडते, पण ती दगडावरची रेघ नव्हे.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मला टोचत राहिली, ती न सांगता पुढे जाणं बरं नाही. हे ठिपके बघायला पिल्लांचे मेंदू काढावे लागतात. मुंगीलासुद्धा पाय लागू नये म्हणून जपणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे सहज पचत नाही. त्या मुक्या आयांच्या जिवावर आपल्याला हे ज्ञान मिळालं आहे. निदान त्याचा उपयोग आणखी कुठल्या आईला छळण्यासाठी होऊ नये.

प्राण्यांवरून शास्त्रज्ञ माणसाकडेही वळले; हा अभ्यास २००९ चा. पॅट्रिक मॅकगॉवन, गुस्ताव्हो टुरेकी, शिफ, मीनी आणि इतरांनी क्यूबेक प्रांतातल्या मेंदूपेढीतले ३६ मेंदू तपासले. १२ जण असे की ज्यांनी आत्महत्या केली होती आणि लहानपणी अत्याचार सोसले होते. १२ जणांनी आत्महत्या केली होती, पण बालपणी अत्याचार झाले नव्हते. उरलेले १२ इतर कारणांनी गेलेले. पहिल्या गटात त्याच रिसेप्टरच्या जनुकावर ठिपके जास्त होते. दुसरा गट तिसऱ्यासारखाच निघाला. म्हणजे खूण दिसली ती आत्महत्येशी नव्हे, लहानपणीच्या छळाशी जोडलेली. हे शोध मोठे आहेत. पण ३६ मेंदूंवरून ‘अमुकमुळेच तमुक झालं’ असं म्हणता येत नाही. आणि इथं बोलणं चाललंय मारहाणीचं, लैंगिक अत्याचाराचं, टाकून दिल्याचं. गरोदर बाईनं वडिलांसाठी रडण्याचं नाही, हे मैत्रिणींनो लक्षात ठेवा.

‘पण पोटात असताना काही होत नाही का?’ असं कुणी विचारेल. होतं. त्याचा सर्वांत मोठा पुरावा नेदरलँड्समधल्या उपासमारीतून मिळाला. १९४४ च्या सप्टेंबरात डच रेल्वे कामगारांनी दोस्त सैन्याला मदत म्हणून संप केला. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. त्यांनी पश्चिमेकडच्या शहरांचा अन्नपुरवठा तोडला. हिवाळा कडक पडला. नोव्हेंबरअखेर माणशी रेशन दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली गेलं आणि पुढे आणखी घसरलं. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. २०,००० वर माणसं गेली. १९४५ च्या मेमध्ये सुटका झाली. डच लोकांची कागदपत्रं चोख होती, त्यामुळे कोण कुठल्या महिन्यात आईच्या पोटात होतं ते पुढे शोधता आलं.

वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिका सोडून आलेलं डॉक्टर जोडपं, झेना स्टाइन आणि मर्विन ससर, यांनी सैन्यभरतीच्या नोंदी तपासल्या. त्या उपासमारीत गर्भात असलेली मुलं १९ वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्धीत काही फरक सापडला नाही. पुढे १९९० च्या दशकात त्यांचाच मुलगा एझ्रा ससर यानं सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की उपासमार अगदी टोकाला असताना ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. आणि २००८ मध्ये बास हाइमान्स व एल. एच. लुमे यांच्या गटानं अशा ६० जणांचं रक्त त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी ताडून बघितलं. सहा दशकं उलटून गेल्यावरही वाढीशी संबंधित एका जनुकावर ठिपके कमी होते.

‘दुप्पट’ हा शब्द ऐकून छातीत धस्स होतं. पण शंभरात साधारण एकाला होणारा आजार दुप्पट झाला म्हणजे शंभरात दोघांना. अठ्ठ्याण्णव जणांना तो झाला नाही, आणि ती बाळं पोटात होती तेव्हा त्यांच्या आया कंद उकडून खात होत्या. त्यांतल्या कुठल्या आईला विचारायचं, ‘तू नीट का जेवली नाहीस?’ नाकाबंदी तिनं केली नव्हती.

या इतिहासातलं आणखी एक मोठं नाव न्यूयॉर्कच्या रेचल येहुदा यांचं. ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्या लोकांवर आणि त्यांच्या मुलांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी त्या मनोऱ्यांच्या परिसरात असलेल्या ३८ गरोदर बायकांचा त्यांनी अभ्यास केला. ज्या आयांच्या मनाला त्या दिवसाचा आघात आजार होऊन चिकटला, त्यांच्या आणि त्यांच्या तान्ह्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल कमी आढळलं. मग २०१५ मध्ये वंशसंहारातून वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ मुलं यांच्या रक्तातल्या ठिपक्यांवरचा त्यांचा लेख आला. जगभर बातम्या झाल्या : आघात रक्तातून उतरतो! पण इतर शास्त्रज्ञांनी लगेच विचारलं, एवढ्याशा माणसांवरून? रक्तातला ठिपका मेंदूबद्दल किती सांगणार? आणि भेदरलेल्या आईवडिलांच्या घरात वाढल्यानं काय झालं नि गर्भातून काय आलं, हे वेगळं कसं करणार? येहुदांनीही सांगितलं की असा बदल म्हणजे नुकसानच असं समजू नका; संकटाशी जुळवून घ्यायची ती शरीराची तयारीही असू शकते. वाद अजून चालू आहे. बीजपेशी तयार होताना आणि गर्भ रुजल्या-रुजल्या असे बहुतेक ठिपके पुसले जातात, हेही ठाऊक आहे. म्हणून माणसात ते पिढ्यान्पिढ्या उतरतात, असं आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो विज्ञानाच्या पुढे धावतो आहे.

बरं, विज्ञानाच्या नावानं आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याची ही पहिली वेळ नाही. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक बाईंनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ असा शब्द वापरला आणि तो कितीतरी वर्षं चालला. ऑटिझमची मुलं ही ‘फ्रिजसारख्या थंड’ आयांमुळे होतात, असं अमेरिकेत मानलं जाई. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये या मताला पुस्तकाचं बळ दिलं. आधीच थकलेल्या हजारो आयांनी ते खरं मानलं. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील आणि मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९६४ मध्येच पुस्तक लिहून या विचाराला आव्हान दिलं होतं. आज तो सिद्धान्त टाकून दिलेला आहे. पण त्या आयांची गेलेली वर्षं कोण परत देणार? आमच्या गल्लीतल्या त्या मुलाला ऐकू नीट येतं का, हे तपासून घेणं ही पहिली गोष्ट. तीन वर्षं आईच्या रडण्यावर बोट ठेवण्यात गेली आणि कानाकडे कुणी बघितलंच नाही, असं होऊ नये.

म्हणूनच ऑगस्ट २०१४ मध्ये हार्वर्डच्या इतिहासकार सेरा रिचर्डसन आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्येच एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आईला दोष देऊ नका. एपिजेनेटिक्सचे शोध मांडताना वडील, घर, गरिबी, समाज, सगळं गाळून फक्त गर्भाशयाकडे बोट दाखवलं जातं, तसं करू नका.

आपल्या मंडळींत आणखी एक बोलणं ऐकू येतं : ‘हे तर आपल्या कर्मसिद्धान्तात आधीच सांगितलंय.’ ऐकायला बरं वाटतं, पण मला ते पटत नाही. आपल्या शास्त्राप्रमाणे कर्मबंध ज्याचा त्याचा असतो. आईनं बांधलेलं कर्म मुलाला भोगावं लागतं, असं आपल्याकडे कुठल्या पाठशाळेत शिकवत नाहीत. उलट प्रत्येक जीव आपला आपण जबाबदार, ही आपली शिकवण. मग सुनेच्या अश्रूंचा हिशेब नातवाच्या खात्यात मांडताना आपण विज्ञानही चुकवतो आणि धर्मही.

मग आईच्या मनाचं, शरीराचं काहीच महत्त्व नाही का? आहे, फार आहे. म्हणूनच तर प्रश्न नीट विचारायला हवा. मीनींच्या गटातल्याच फ्रान्सिस शॅम्पेन यांनी २००६ मध्ये दाखवलं की भरपूर चाटणाऱ्या माद्यांना गरोदरपणी त्रास दिला, तर बाळंतपणानंतर त्यांचं चाटणं कमी होतं. म्हणजे आईची माया ही फक्त तिच्या स्वभावाची गोष्ट नाही. पिंजरा कसा आहे त्यावर ती अवलंबून आहे. आणि पिंजरा कुणाच्या हातात असतो, हे मी सांगायला नको.

आपल्या शेजारच्या पुण्यातही याच दिशेचं काम झालं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. हा अभ्यास मनाचा नव्हे, पोषणाचा. पण आपल्याला लागू पडणारा. ज्या गरोदर बायकांना शेतात, घरात, पाणी भरण्यात जास्त राबावं लागे, त्यांची बाळं वजनानं कमी भरली. ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळं, दूध होतं, त्यांची बाळं चांगली भरली. निम्म्याहून जास्त बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे बी-१२ आणि फोलेट मिळूनच शरीरात ते मिथाइल गट पुरवतात. बी-१२ कमी आणि फोलेट मात्र जास्त, अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणारी लक्षणं जास्त दिसली. आपण शाकाहारी. आपल्याला बी-१२ मिळतं ते मुख्यतः दूध-दह्यातून, आणि घरात दूध पुरवून पुरवून वाढायची वेळ आली की कुणाची वाटी रिकामी राहते ते आपल्याला माहीत आहे. म्हणून दिवस गेल्यावर, खरं तर त्याआधीच, डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्यावं. उपवासाच्या दिवसांत गर्भारशीनं काय करावं, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं; अशा वेळी सूट घेण्यात काही कमीपणा नाही.

आपल्या जुन्या रीतीत एक शहाणपण होतं. पहिलटकरणीला माहेरी आणायचं, सव्वा महिना तिला उठू द्यायचं नाही, तिला तेल लावायचं, बाळाला चोळायचं. त्या काळात बाळ एका आईच्या नव्हे, चार बायकांच्या हाताखाली असायचं. आज फ्लॅटमध्ये एकटी बाळंतीण, नवरा कामावर, आणि हातात मोबाइल, त्यावर ‘आनंदी राहा, नाहीतर बाळाच्या जनुकांवर परिणाम होईल’ असा दम. आनंदी राहायचाही धाक! हा धाक हाच एक ताण आहे, हे त्या क्लासवाल्यांना कोण सांगणार?

बाळंतपणाच्या आगेमागे मन खचणं हा आजार असतो, नखरा नसतो, आणि त्याला उपचार आहेत. सलग दोन आठवडे झोप लागत नाही, कशातच जीव रमत नाही, बाळाकडे बघवत नाही, जगू नये असं वाटतं, असं एखादीनं बोलून दाखवलं तर ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे वाक्य गिळून टाकावं आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जावं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा नंबर, फुकट लागतो, मराठी-कन्नड दोन्हींत बोलता येतं. आपल्या मंडळाच्या फळ्यावर पूजेच्या पाळ्यांची यादी लागते, तिच्याशेजारी हा नंबर खडूनं लिहून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.